पारदर्शक शीट घ्यायला निघालात? आधी उजेडाकडून काय काम करून घ्यायचंय ते ठरवा

२०१९ च्या गणपतीआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मखराचं काम माझ्या गळ्यात पडलं. थर्माकोल आदल्याच वर्षी महाराष्ट्रात बंद झालेलं, पुठ्ठ्याचं मखर पावसाळी हवेत फुगतं हे अनुभवाने माहीत, मग कुणीतरी म्हणालं ॲक्रिलिकचं करू, आतून लाइट सोडू, एकदम भारी दिसेल. मी बी.कॉम., फिजिक्सचा आणि माझा संबंध दहावीत संपला. पुण्यात बोहरी आळीत गेले आणि काउंटरवर सांगितलं, "दादा, एक पारदर्शक प्लास्टिकची शीट द्या." दादांनी वर न बघताच विचारलं, "कुठली ताई? ॲक्रिलिक, पॉली, जीपीपीएस, पेट?" मी म्हटलं जी स्वस्त असेल ती.

ती जीपीपीएस निघाली. घरी नेऊन भोक पाडायला घेतलं आणि ड्रिल टेकल्या टेकल्या मधोमध तडा गेला, आवाज असा की सासूबाई आतून पळत आल्या. त्या वर्षी बाप्पा पडद्याच्या कापडासमोर बसले.

आता मी धायरीत घराच्याच एका खोलीत लाइटच्या नेमप्लेट, मॉडेलवरचे धूळ न बसणारे बॉक्स, देवघराच्या मागचे पॅनल असली कामं करते आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "अगं, कुठली शीट घेऊ?" सगळ्यांना तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. दुकानात जायच्या आधी वाचा, शीट कापून झाल्यावर वाचून उपयोग नाही.

पायरी १: उजेडाचं काम ठरवा, शीटचं नाव नंतर

शीटकडून उजेडाची चार कामं करून घेता येतात. उजेड सरळ आरपार सोडायचा, म्हणजे शोकेस, फोटोफ्रेम. पसरवायचा, म्हणजे मागचे एलईडीचे ठिपके दिसायला नकोत. आतल्या आत कोंडून हवा तिथेच बाहेर काढायचा, ही झाली लाइटची नेमप्लेट. आणि चौथं, उन्हातला यूव्ही थोपवायचा. यातलं तुमचं काम कुठलं हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, तेवढ्यावर दुकानदार पण अर्धं काम करून देतो.

आरपारबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ॲक्रिलिकमधून साधारण ९२ टक्के उजेड जातो. मला वाटायचं उरलेला ८ टक्के शीट आत खाते, म्हणून मी कायम पातळातली पातळ शीट घ्यायचे. तसं नसतं. हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना जवळपास ४ टक्के उजेड पृष्ठभागावरूनच मागे फिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना परत ४ टक्के. आतमध्ये चांगलं ॲक्रिलिक जवळजवळ काहीच खात नाही. म्हणून ३ एमएम आणि १० एमएमच्या शीटमधून दिसणाऱ्यात फरक कळत नाही, पण दोन शीट एकामागे एक लावल्या की ९२ मधले ९२ टक्के, म्हणजे ८५ च्या आसपास येतो, शिवाय चार पृष्ठभाग झाले म्हणजे समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब चार वेळा. बॉक्स मजबूत हवा असेल तर एकच जाड शीट घ्या, "डबल लावा ना" म्हणू नका.

हा मागे फिरणारा उजेड किती ते ठरतं शाळेतल्या त्या अपवर्तनांकावर. ॲक्रिलिकचा १.४९, पॉलीकार्बोनेटचा १.५८ च्या वर, पॉलीस्टायरीनचा १.५९, खिडकीच्या काचेचा १.५२. आकडा जितका मोठा तितका उजेड जास्त वळतो आणि चकाकी पण जास्त. एवढंच लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

पायरी २: घराणी ओळखा

बाजारात ही मंडळी भेटतात:

ॲक्रिलिक: पीएमएमए असं पण लिहिलेलं असतं. सगळ्यात स्वच्छ, उन्हात वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही, पण ठिसूळ आणि पेट घेतं.

पॉलीकार्बोनेट: बाजारात नुसतं "पॉली". हातोडा मारला तरी फुटत नाही, उजेड ८८-८९ टक्के सोडतं, पण ओरखडे पटकन पडतात आणि यूव्हीचा थर नसेल तर उन्हात पिवळं पडतं.

जीपीपीएस: म्हणजे साधं पॉलीस्टायरीन. दिसायला चकचकीत, स्वस्त, घरातल्या फोटोफ्रेमला ठीक. भोक पाडायचं असेल तर लांब राहा, मी सांगतेय ना.

पेट आणि पेटजी: पाण्याच्या बाटलीचा नातेवाईक. पातळ कामाला, वाकवायला छान.

क्लिअर पीव्हीसी: दुकानांच्या दारात लोंबणाऱ्या पट्ट्या असतात ना, त्यातलं. याच्याबद्दल पायरी ४ मध्ये एक धोका सांगितलाय, तो वगळू नका.

आता हे सगळं प्लास्टिकच, मग दुधाची पिशवी धुरकट का आणि बाटली स्वच्छ का, हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी शोधलं. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. ॲक्रिलिक, पॉली, पॉलीस्टायरीन यांच्या साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या कशाही पडलेल्या असतात, सगळीकडे सारख्याच अस्ताव्यस्त, त्यामुळे उजेडाला अडखळायला काही नसतं. पॉलीइथिलीनच्या साखळ्या मात्र जागोजागी नीट घडी घालून बसतात, त्यांचे बारीक स्फटिक होतात, आणि घडी बसलेला भाग आणि न बसलेला भाग यांचा अपवर्तनांक थोडा वेगळा असल्यामुळे प्रत्येक सीमेवर उजेड थोडा थोडा इकडेतिकडे फेकला जातो. खडीसाखर आरपार दिसते पण कुटून पिठीसाखर केली की पांढरी होते, तसंच. थर्माकोल पांढरं का? तेही पॉलीस्टायरीनच, सीडीच्या पारदर्शक डबीचं असतं तेच, फक्त आत हवेचे लाखो बुडबुडे.

बाटलीच्या पेटमध्ये गंमत आहे. तेच पेट सावकाश थंड केलं तर स्फटिक मोठे होऊन पांढरं पडतं. बाटली करताना ते भराभर थंड करतात आणि फुगवताना दोन्ही दिशांना ताणतात, त्यात जे स्फटिक होतात ते इतके बारीक असतात की उजेडाला लागतच नाहीत. पाषाण रस्त्यावरून एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) भिंतीकडे बघत मी कॉलेजची अख्खी तीन वर्षं बसने गेले आणि आत पॉलिमरवर काम चालतं हे मला चाळिशीत कळलं, जाऊ दे.

पायरी ३: दुकानातच तपासून घ्या

ही पायरी लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि फसतात ते इथेच, कारण संरक्षक फिल्म चिकटवलेल्या सगळ्या शीट सारख्याच दिसतात. मला एकदा पॉली म्हणून चक्क जीपीपीएस दिलं होतं, बिलावर पण पॉलीच लिहिलेलं.

आधी कड बघा. फिल्म कोपऱ्यातून बोटभर सोलायला सांगा, नाही म्हणत नाहीत. ॲक्रिलिकची कड आतून रंगहीन, स्वच्छ दिसते. काचेची हिरवी दिसते, ती त्यातल्या लोहामुळे.

मग टकटक करा. जीपीपीएस पत्र्यासारखं टणटण वाजतं, ॲक्रिलिक आणि पॉली दबक्या आवाजात. सवय व्हायला दहा-बारा शीट वाजवाव्या लागतात, दुकानातले हसतील, हसू द्या.

पातळ तुकडा मागून घेऊन वाकवून बघा. पॉली दुमडलं तरी तुटत नाही. ॲक्रिलिक आणि जीपीपीएस तुटतात, म्हणून डोळे सांभाळा, तुकडा उडतो.

आता खरी मजेची तपासणी, आणि यासाठी फक्त लॅपटॉप आणि पोलराइज्ड गॉगल लागतो, साधा काळा गॉगल चालणार नाही. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावा, गॉगल हातात धरून स्क्रीनसमोर गोल फिरवा, एका कोनात स्क्रीन काळी पडेल. तिथेच थांबा. आता स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा धरा. सीडीची डबी, शाळेची पट्टी, डिस्पोजेबल चमचा धरला तर इंद्रधनुष्य उठतं, अक्षरशः रंगांचे पट्टे. प्लास्टिक साच्यात थंड होताना त्यात जो ताण अडकून बसतो त्याने उजेडाची एका दिशेची लहर दुसऱ्या दिशेच्या लहरीपेक्षा मागे पडते, त्यातून हे रंग येतात. पॉलीकार्बोनेट आणि पॉलीस्टायरीन या बाबतीत फार बोलके. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या ॲक्रिलिकमध्ये जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे ॲक्रिलिक म्हणून दिलेल्या तुकड्यात झगझगीत रंगांचे पट्टे दिसले तर विचारा की बाबा हे नक्की काय आहे.

ही तपासणी मी आता तयार मालावर पण करते. पॉलीच्या पॅनलला स्क्रू जास्त आवळला असेल तर भोकाभोवती रंगांची वर्तुळं दिसतात, आणि पुढे-मागे तडा तिथूनच जाणार असतो. गॉगल नसेल तर जुन्या बाजारातून बंद पडलेला कॅल्क्युलेटर किंवा फुटका एलसीडी घ्या, त्यावरची करडी फिल्म सोलून निघते. ती फिल्म पण प्लास्टिकच बरं का, पीव्हीए ताणून त्याला आयोडीन पाजलेलं. साखळ्या ताणाच्या दिशेने रांगेत उभ्या राहतात आणि त्या दिशेचा उजेड गिळून टाकतात. एडविन लँड या माणसाने १९३८ मध्ये ही युक्ती काढली आणि आज आपल्या प्रत्येक लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिचेच थर बसलेत.

जाळून वासावरून ओळखणारे पण आहेत. घरात करू नका, कोण काय धूर सोडेल सांगता येत नाही.

पायरी ४: जाडी, कटिंग आणि लेझरवाला

शीट ८ बाय ४ फुटांची येते आणि भाव स्क्वेअर फुटावर असतो. ५ एमएमची अख्खी ॲक्रिलिक शीट जवळपास १८ किलो भरते, तेवढीच काच ३७ किलो. रिक्षात बसत नाही, टेम्पोच लागतो, म्हणून पहिल्या कामाला कटपीस मागा, रविवार पेठेत आणि भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला कटपीस मिळतात.

व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घेऊन जा. ३ एमएम म्हणून विकलेली शीट २.७ भरते हे मी कितीतरी वेळा मोजलंय, आणि खाचेत बसवायचं काम असेल तर तो ०.३ चा फरक सगळं ढिलं करतो.

ॲक्रिलिक घेताना "कास्ट की एक्सट्रुडेड" हे विचारा. कास्टच्या साखळ्या जास्त लांब असतात, ते कटिंगला चिकट होत नाही आणि लेझरने कोरलं की पांढरं, दुधाळ उमटतं. एक्सट्रुडेड म्हणजे मशीनच्या फटीतून दाबून काढलेलं, त्याची जाडी जास्त एकसारखी आणि भाव कमी, पण त्यावर कोरलेलं बरंचसं पारदर्शकच राहतं, दिसतच नाही. नेमप्लेट करायची असेल तर कास्टच. माझे पहिले चार बोर्ड एक्सट्रुडेडवर गेले, लाइट लावला तरी नाव वाचायला चष्मा पुसावा लागत होता.

लेझरवाल्याकडे जाताना डिझाइन डीएक्सएफ किंवा कोरलच्या फाइलमध्ये न्या, व्हॉट्सॲपवरचा फोटो नेलात तर तो परत ट्रेस करण्याचे पैसे लावतो आणि ते बरोबरच आहे. फाइलमध्ये कापायच्या रेषा एका रंगात, कोरायचं दुसऱ्या रंगात. अक्षरं आउटलाइन करून न्या, नाहीतर तुमचा सुंदर मराठी फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही आणि "कुलकर्णी"च्या र्णी ची रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते. झालंय.

आणि तो धोका. क्लिअर पीव्हीसी लेझरवर कधीच टाकू नका, टाकू देऊ नका. त्यात क्लोरीन असतं, जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो, तो फुप्फुसाला वाईट आणि मशीनचं लोखंड पण खातो. पॉली लेझरने कापलं तर विषारी प्रकार तेवढा नाही पण कड तपकिरी जळते, ते करवतीवर किंवा राउटरवर (फिरत्या पात्याचं कटिंग मशीन, वायफायचा नव्हे) कापून घ्या.

पायरी ५: लाइटची नेमप्लेट, म्हणजे उजेड कोंडणं

माझं आवडतं काम, म्हणून जरा जास्त लिहिते.

ॲक्रिलिकच्या आतून बाहेर पडू बघणारा किरण पृष्ठभागावर ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका पडला तर तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. कोन मोजायचा तो पृष्ठभागावर उभ्या काढलेल्या रेषेपासून. आणि गंमत अशी की शीटच्या सपाट कडेतून जो उजेड आत शिरतो तो शिरतानाच इतका वळतो की पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर तो ४८ अंश किंवा त्याहून तिरकाच पडतो. म्हणजे कडेतून घातलेला उजेड आपोआप कोंडला जातो, शीटभर धावतो आणि समोरून बघणाऱ्याला शीट रिकामीच दिसते. जिथे तुम्ही ओरखडा काढला, कोरलं, तिथे पृष्ठभाग खडबडीत झाला, कोन बिघडला आणि उजेड तिथूनच बाहेर सांडला. कोरलेलं नाव पेटतं ते असं.

एवढं समजलं की पुढचे सगळे नियम त्यातून निघतात:

कड गुळगुळीत आणि काटकोनात हवी. करवतीची खरखरीत कड असेल तर उजेड आत शिरायच्या आधीच विखुरतो. लेझरची कड तशीच चालते, करवतीची असेल तर पॉलिश करून घ्या.

एलईडी कडेच्या जाडीत मावला पाहिजे. ५ एमएमच्या शीटला २८३५ नंबरची पट्टी घ्या, तिचा एलईडी २.८ बाय ३.५ एमएमचा असतो. ५०५० चा एलईडी ५ बाय ५, शीट जरा जरी सरकली की उजेड शेजारून निसटून थेट डोळ्यात. पट्टी आणि १२ व्होल्टचा ॲडॉप्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतो, पट्टी तिथेच लावून बघा, शेवटचे एलईडी मंद आहेत का ते पण.

मागच्या बाजूने, उलटं म्हणजे आरशातल्यासारखं कोरून घ्या. पुढची बाजू सपाट राहते, पुसायला सोपी जाते.

शीटला मागून थेट रंग मारू नका, स्टिकर चिकटवू नका. पृष्ठभागाला काहीही घट्ट चिकटलं की तिथे हवा राहिली नाही, आणि हवा नाही म्हटल्यावर तो ४२ अंशांचा हिशोब पण राहिला नाही, उजेड रंगात शिरून मरतो. काळा पुठ्ठा हवा असेल तर मागे नुसता टेकवून ठेवा, हवेचा पातळ थर राहू द्या. एका गिऱ्हाइकाने हौसेने मागून काळा व्हिनाइल चिकटवला आणि मग मला फोन की ताई लाइट निम्मा झाला.

बोटांचे ठसे पण पेटतात! शेवटी हातमोजे घाला.

मंदिराच्या छतावर चांदण्या करतात त्या प्लास्टिक फायबरमध्ये हेच चालतं. एक एमएम जाडीचा ॲक्रिलिकचा धागा, त्यावर कमी अपवर्तनांकाच्या प्लास्टिकचं पातळ कवच. फक्त लांबीचा लोभ धरू नका, लाल उजेडसुद्धा साधारण वीस मीटरमध्ये निम्मा होतो, म्हणून लाइटची पेटी छताच्या जवळच ठेवा. इंटरनेटच्या काचेच्या फायबरमध्ये त्यांचा इन्फ्रारेड उजेड निम्मा व्हायला पंधराएक किलोमीटर लागतात, त्याच्याशी तुलना करून फसू नका.

नुसता पसरट उजेड हवा असेल, म्हणजे देवाच्या मूर्तीमागे, तर मिल्की शीट, ओपल पण म्हणतात. त्यात बारीक कण मिसळलेले असतात ते उजेड फेकाफेकी करतात. इथे सोपा हिशोब: दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर तेवढं तरी अंतर एलईडी आणि शीटमध्ये ठेवा, नाहीतर ठिपके दिसणारच, कितीही महाग शीट घ्या.

पायरी ६: गच्चीवरची शेड

सासऱ्यांनी गच्चीवर कुंड्यांसाठी पॉलीची शेड मारून घेतली. ज्याने मारली त्याने फिल्म आधीच खेचून फेकून दिली आणि शीट उलट्या बसवल्या. यूव्हीचा थर बहुतेक शीटना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू फिल्मवर छापलेली असते, ती वर, उन्हाकडे पाहिजे. तिसऱ्या उन्हाळ्यात शेड चहाच्या रंगाची झाली, कुंड्यांपर्यंत उजेड जाईना. यूव्हीने पॉलीच्या साखळ्यांची मोडतोड होते आणि नव्याने जे तयार होतं ते निळा उजेड गिळतं, म्हणून पिवळं दिसतं. जुन्या गाड्यांचे हेडलाइट असेच पिवळे पडतात, ते पण पॉलीच, वरचं कोटिंग गेलं की झालं. म्हणून शीट चढताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा, आणि फिल्म पूर्ण सोलायच्या आधी प्रत्येक शीटवर वरची बाजू मार्करने कोपऱ्यात लिहा.

दुसरं, भोकं मोठी पाडा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी शीट हाताला चटका देते, ४० अंशांचा फरक सहज. तेवढ्यात ३ मीटरची शीट ८ एमएमने लांब होते. स्क्रूच्या मापाचं घट्ट भोक असेल तर ती जाणार कुठे, फुगते, कुरकुरते आणि भोकापासून फाटते. रात्री शेड कटकट वाजते म्हणून भूत समजू नका.

झाडांसाठीच करत असाल तर एकदम आरपार शीटचा हट्ट सोडा. तळेगावकडच्या गुलाबांच्या पॉलीहाउसचा कागद बघा (हा पॉलीइथिलीनचा, आपलं पॉली वेगळं), २०० मायक्रॉनचा, यूव्ही सोसणारा, आणि त्यात मुद्दाम धुरकट कागद पण वापरतात, कारण पसरलेला उजेड खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि वरची पानं करपत नाहीत.

पायरी ७: चष्म्याबद्दल, कारण सगळे विचारतात

थोडक्यात. साधी प्लास्टिक लेन्स म्हणजे सीआर-३९, अपवर्तनांक १.५०. जास्त नंबरला १.६७ ची लेन्स देतात, ती काठाला साधारण पाव भाग पातळ होते. पण मोठ्या आकड्याचे दोन भुर्दंड: प्रत्येक पृष्ठभागावरून ४ ऐवजी ६ टक्के उजेड परत फिरतो म्हणून अँटीरिफ्लेक्शन कोटिंग घ्यावंच लागतं, आणि रंग फाकतात. रंग किती फाकतात ते ॲबे नंबर सांगतो, मोठा तो चांगला. सीआर-३९ चा ५८, पॉलीचा ३०, १.६७ चा ३२ च्या आसपास. नंबर जास्त असेल तर पॉलीच्या लेन्सच्या कडेने ट्यूबलाइटला निळी-पिवळी किनार दिसते ती यामुळे. मुलांना मात्र पॉलीच, फुटून डोळ्यात जाणार नाही. नंबर एक-दीड असेल तर १.६७ वर पैसे घालवण्यात काही अर्थ नाही, माझं मत.

पायरी ८: चिकटवणं आणि पुसणं

ॲक्रिलिक जोडायला आपल्याकडे सगळे क्लोरोफॉर्म वापरतात. ते गोंदासारखं चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकमेकांत मिसळवतं, म्हणून सांधा पारदर्शक राहतो. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, मुलं दुसऱ्या खोलीत. एकदा मी जानेवारीच्या थंडीत दार लावून बसले आणि तासाभरात डोकं असं गरगरलं की नवऱ्याने सामान गच्चीवर नेऊन ठेवलं, तेव्हापासून हे काम गच्चीवरच.

लेझरने कापलेल्या कडेला लगेच क्लोरोफॉर्म लावलं तर कधी कधी जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. कापताना अडकलेला ताण सॉल्व्हंट लागल्या लागल्या मोकळा होतो, त्याला क्रेझिंग म्हणतात. उपाय म्हणजे तुकडे ८० अंशांवर तास-दोन तास ओव्हनमध्ये ठेवून हळूहळू थंड करणं. स्वयंपाकाचा ओव्हन नको, फॅब्रिकेटरकडून करून घ्या.

हीच जाळी चुकीच्या पुसण्याने पण पडते आणि ९० टक्के तक्रारी इथल्याच. काच पुसायचा निळा स्प्रे, सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, काहीही नको. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं, बास.

देवघराच्या कामात अजून एक: ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि ज्योत लागली तर पेटतं. निरांजन, कापूर, उदबत्ती यांच्यापासून हातभर लांब ठेवा आणि आरतीच्या ताटाच्या उंचीवर शीट आणूच नका.

सोबत काय न्याल

व्हर्नियर आणि मेजरिंग टेप. पोलराइज्ड गॉगल. मार्कर. मापं लिहिलेला कागद, एमएममध्ये, कारण इंच आणि सूत यात दुकानदार आणि तुम्ही दोघंही चुकता. पेनड्राइव्हवर डिझाइन, शिवाय मेलवर पण. जुनं ब्लँकेट, शीट गुंडाळायला. बिल मागताना शीटचा प्रकार, जाडी आणि कास्ट की एक्सट्रुडेड हे बिलावरच लिहून घ्या, तोंडी नको. धंदा करायचा विचार असेल तर उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

पायरी ९: फिल्म सगळ्यात शेवटी

शीट घरी आली की आडवी, सपाट ठेवा. भिंतीला तिरकी टेकवून महिनाभर ठेवली तर तशीच वाकते. फिल्म लावलेली शीट उन्हात ठेवू नका, गोंद भाजून बसतो आणि मग नखांनी खरवडत बसा.

फिल्म सोलली की शीटवर स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली सगळी धूळ तिच्याकडे धावते. अशा वेळी कोरड्या फडक्याने घासलं तर अजून वीज, अजून धूळ, शिवाय ओरखडे. ओलसर फडक्याने एकदाच, एका दिशेने पुसा. गणपतीचं मखर असेल तर पुढची फिल्म प्रतिष्ठेच्या दिवशी पहाटे काढा, आणि विसर्जनाच्या दिवशी गुलाल उडायच्या आधी पॅनल उतरवून आत नेऊन ठेवा, कारण कोरलेल्या अक्षरांत एकदा गुलाल बसला की तो टूथब्रशने पण निघत नाही, आमच्या "मोरया"तला "मो" २०२२ पासून गुलाबी पेटतोय.